अर्थ भेटून नाही राह्यला

माझ्या मामेभावाच्या पिकअपमध्ये, डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली तीन बल्ब असायचे. चिवड्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले. तिन्ही मागच्या लाल दिव्याचे आणि त्याच्या हिशेबाने तिन्ही गेलेले. गेलेले बल्ब जपून ठेवतोस कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "दुकानदाराले नमुना दाखवा लागते न, दादा."

उत्तर चोख होतं. टेल लाइटच्या बल्बचं नाव कोणी लक्षात ठेवत नाही. जुना बल्ब काउंटरवर ठेवायचा आणि 'असाच द्या' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. तीनदा त्याने ती पाळली होती. चौथ्या वेळी मी सोबत होतो.

नोव्हेंबरचे दिवस, आंबिया बहाराची संत्री निघालेली. वरूडहून कॅरेट भरून अकोल्याला निघालो तेव्हा दिवस मावळत होता, मोर्शी मागे पडेपर्यंत मिट्ट काळोख झाला. अमरावतीत चहाला थांबलो, तर मागोमाग एक ट्रकवाला उतरून आला. "भाऊ, तुमचा उजव्या बाजूचा लाल लाइट ब्रेक मारला का विझते." भावाने मान डोलावली, म्हणजे हे त्याच्या ओळखीचं दुखणं होतं. दुकान उघडं होतं. बल्ब घेतला. दोन प्लेट गिला वड्याला पडतात तेवढे पैसे. पेचकसाने मागच्या काचेचे स्क्रू काढले, जुना बल्ब काढून पिशवीत टाकला, नवा बसवला. लख्ख पेटला. आम्ही निघालो. बडनेरा गेलं, लोणी गेलं, आणि मूर्तिजापूरला डिझेल भरताना पंपावरच्या पोराने तेच सांगितलं. ब्रेक मारला की लाइट विझते.

मधल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये तो दिवा किती वेळा विझला असेल, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पुढचा दिवा गेला तर रस्ताच दिसत नाही, तेव्हा माणूस लगेच थांबतो. इंडिकेटरचा बल्ब गेला तर गाडी स्वतः सांगते, कारण फ्लॅशरवरचा भार कमी झाला की त्याची टिकटिक एकदम घाई करू लागते. मागचा लाल दिवा मात्र मुकाट्याने जातो. गाडीतला हा दिवा असा, की ज्याच्यासाठी ड्रायव्हर पैसे मोजतो आणि जो ड्रायव्हरला कधीच दिसत नाही. त्याची तब्येत कळते ती परक्याकडून. हाटेलावर भेटलेल्या ट्रकवाल्याकडून, पंपावरच्या पोराकडून, नाहीतर नाक्यावरच्या शिपायाकडून.

पंपावरच्याच पोराने रस्त्याकडेच्या एका टपरीकडे बोट दाखवलं. आत पिवळा दिवा, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग. मिस्त्रीने गाडीच्या मागे उकिडवं बसून भावाला ब्रेक दाबायला सांगितला, सोडायला सांगितला, पुन्हा दाबायला सांगितला. मग मान वर न करताच म्हणाला, "बल्ब कायले बदलता? बल्ब चांगला हाये. त्याले अर्थ भेटून नाही राह्यला."

जन्मभर मराठी लिहिणाऱ्या माणसाला मूर्तिजापूरच्या टपरीवर असं वाक्य मिळावं! पण मिस्त्री कोटी करत नव्हता, निदान करत होता. ते समजायला आधी बल्ब हातात घेऊ.

बोलेरो पिकअप घ्या, २००५ साली आलेला आणि गावोगाव 'छोटा हत्ती' झालेला टाटा एस घ्या, नाहीतर अशोक लेलँडचा दोस्त. दिव्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा, पण साध्या काचेच्या बल्बवर चालणाऱ्या मागच्या दिव्यात बहुधा एकाच जातीचा बल्ब सापडतो. मिस्त्री त्याला 'दोन पॉइंटचा' म्हणतात. त्याच्या पितळी टोपीवर बारीक अक्षरात 'पी २१/५ डब्ल्यू' कोरलेलं असतं. काचेच्या आत दोन वेगळ्या तारा. एक पाच वॅटची, रात्रभर मंद तेवणारी. ती टेल लाइट. दुसरी एकवीस वॅटची, ब्रेक दाबला की भडकणारी. मागच्याला ब्रेक लागल्याचं कळतं ते या चौपट फरकामुळे. बुडाशी शिशाचे दोन ठिपके दिसतात, ते त्या दोन तारांचे दरवाजे. वीज ठिपक्यातून आत शिरते, तारेतून जाते आणि बाहेर पडते ती मात्र दोघींची एकाच वाटेने, पितळी टोपीतून.

टोपीच्या कडेला दोन बारीक खुंट्या असतात. नीट पाहिलं तर एक वर, एक जरा खाली. बंदुकीला संगीन अडकवतात तशी दाबून-फिरवून बसवायची ही पद्धत, आणि खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवल्या आहेत, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. उलटा बसला तर रात्रभर एकवीस वॅट जळेल आणि ब्रेकला पाच वॅट मिणमिणेल. तेव्हा बल्ब सहज बसत नसेल तर जोर करू नका, अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावून पाहा. जोर करणारे भेटतात. मी एका होल्डरची खाच पक्कडीने वाकवलेली पाहिली आहे.

दुकानातून बल्ब आणताना दोन चुका हमखास होतात. पहिली, एका पॉइंटचा बल्ब येतो. दिसायला जुळा भाऊ, वॅटही एकवीस, पण आत तार एकच आणि बुडाशी ठिपका एकच. तो दोन पॉइंटच्या होल्डरात रेटून बसवला तर त्याचा ठिपका होल्डरातल्या दोन्ही टोकांना जोडून टाकतो. मग ब्रेक दाबला की गाडीचे सगळे बारके दिवे, अगदी मीटरमधलेसुद्धा, उजळतात. दुसरी चूक हायवेवरच्या दुकानात होते. मोठ्या ट्रकची वायरिंग चोवीस व्होल्टची, पिकअपची बारा. दुकानात दोन्ही बल्ब शेजारी-शेजारी. चोवीसचा बल्ब बारावर लावला तर फुटत नाही, जळत नाही, नुसता विझत्या निखाऱ्यासारखा दिसतो, आणि बसवणाऱ्याला वाटतं लागला एकदाचा.

आता बल्ब जातो म्हणजे काय होतं? तार टंगस्टनची असते. हा धातू ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो आणि दिवा लागल्यावर तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. अकोल्याचा मे महिना तिला थंडगार वाटेल. इतक्या तापात टंगस्टन थोडाथोडा उडून जातो आणि काचेला आतून चिकटतो. तार बारीक होत जाते आणि सगळ्यात बारीक जागी एक दिवस तुटते. बहुतेकदा ती तुटते दिवा लावण्याच्या क्षणी. कारण गार तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, आणि पहिल्या क्षणाला तिच्यातून नेहमीच्या कितीतरी पट वीज धावते. म्हातारा माणूस बसल्या जागी ठीक असतो, झटक्यात उठताना कोसळतो, तसंच.

मेलेल्या बल्बकडे पाहून मरणाचं कारण सांगता येतं. काच आतून काळसर, चांदी फासल्यासारखी झाली असेल तर बल्ब आयुष्य भोगून गेला. आत पांढुरकी-पिवळट भुकटी असेल तर काचेला चीर जाऊन हवा शिरली. काच स्वच्छ आणि तार तुटून लोंबकळत असेल, कानाशी हलवल्यावर किणकिण करत असेल, तर तो धक्क्याने गेला. वऱ्हाडात हे तिसरं मरण फार. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावरून, चाकोरीत आदळत, रिकामी पिकअप शेतात जाते तेव्हा मागचा भाग कसा उडतो ते हौद्यात बसून गेलेल्यांना विचारा. भरल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी बल्बचा जीव जास्त घेते.

आणखी एक कारण आहे, ते लोकांच्या लक्षात येत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही बाजूंचे बल्ब जात असतील तर बल्बच्या कंपनीला शिव्या देण्याआधी गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. चांगल्या गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट दिसतील. पंधराच्या वर दिसले तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. बल्बचं आयुष्य व्होल्टेजपुढे फार नाजूक असतं. पाच टक्के व्होल्टेज वाढलं की ते जवळजवळ निम्मं होतं.

एवढं सगळं सांगून झालं, पण भावाच्या बल्बला यातलं काहीच झालेलं नव्हतं. काच स्वच्छ, दोन्ही तारा धडधाकट. मिस्त्रीने खिशातून हातभर वायर काढली. एक टोक होल्डरच्या कडेला धरलं, दुसरं चॅसीच्या एका उघड्या नटावर घासलं. भावाने ब्रेक दाबला. आतापर्यंत विझणारा दिवा भडकला. वायर काढली, विझला. लावली, भडकला. तीनदा करून दाखवलं, शाळेतल्या मास्तरासारखं.

घरात विजेला दोन तारा लागतात, हे आपण जाणतो. गाडीत दिव्यापर्यंत तार एकच येते. परतीची तार म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीच्या ऋण टोकाची जाडजूड पट्टी चॅसीला बांधलेली असते. वीज फ्यूजमधून, बटणातून, लांबलचक वायरने मागे येते, बल्बमधून जाते आणि पितळी टोपी, होल्डर, तिथून निघालेली एक आखूड काळी वायर आणि तिचा स्क्रू, या वाटेने चॅसीत उतरते. हा जो शेवटचा टप्पा, त्याला मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. इंग्रजी शब्द, जमिनीचा. गाडी रबरी चाकांवर उभी असते, जमिनीशी तिचा काही संबंध नसतो. पण नाव रूढ झालं ते झालं.

हा अर्थ तुटला तर दिवा बंद पडायला हवा, असं कोणीही म्हणेल. भावाचा दिवा तर उभ्या गाडीत छान पेटत होता. इथेच तो तीनदा फसला होता.

वीज अडवली की बसून राहत नाही, दुसरी वाट शोधते. अर्थ तुटलेल्या दिव्यात पाच वॅटच्या तारेतून आलेली वीज टोपीपर्यंत येते, बाहेर पडायला जागा नाही म्हणून शेजारच्या एकवीस वॅटच्या तारेत उलटी शिरते, ब्रेकच्या वायरने मागे जाते आणि डाव्या दिव्याच्या ब्रेकच्या तारेतून, त्याच्या चांगल्या अर्थाने चॅसीत उतरते. शेजाऱ्याच्या दारातून बाहेर पडण्यासारखं. एकवीस वॅटच्या तारा जाड, पाच वॅटच्या विजेला त्या फारशा अडवत नाहीत, म्हणून टेल लाइट जवळपास पूर्ण उजेडाने लागतो. मग ड्रायव्हर ब्रेक दाबतो. आता ब्रेकच्या वायरीतही बारा व्होल्ट आले. पाच वॅटच्या तारेला इकडूनही बारा आणि तिकडूनही जवळजवळ तेवढेच. पाण्याला उतारच राहिला नाही तर ते वाहील कुठे? दिवा मान टाकतो. नेमका ब्रेकच्या वेळी, जेव्हा त्याने भडकायला हवं तेव्हा. कधीकधी त्याच वेळी शेजारचा इंडिकेटर उगाच मिणमिणू लागतो, कारण चोरवाट त्याच्यातूनही जाते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर, इंडिकेटर दिल्यावर टेल लाइट, असं एकाचं दुखणं दुसऱ्याला दिसायला लागलं की बल्बला हात लावायचा नाही, आधी अर्थ पाहायचा.

अर्थ पूर्ण तुटला नाही, नुसता गंजला, तरी नुकसान होतंच. तारेला मिळणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. दिवा लागलेला दिसतो, पण मागच्याला तो दूरचा वाटतो. होल्डर आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये, दिवा चालू असताना, मीटर लावून पाहावा. दशांश-दोन दशांश व्होल्टच्या वर आकडा दिसला तर वाटेत कुठेतरी गंज बसलाय.

गंज का बसतो, याचं आमच्याकडचं उत्तर जरा वेगळं आहे. मामाचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. जमीन काळीभोर, कापसा-तुरीला नामी, आणि जमिनीखालचं पाणी खारट. बोअरचं पाणी प्यावत नाही, पिकाला मानवत नाही; अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांना पिण्यासाठी वान धरणाचं पाणी नळाने आणावं लागलं. ते पाणी मोजून मिळतं, मग गाडी कशाने धुणार? बोअरने. दसऱ्याला, पोळ्याला, चिखलातून आली की, मामेभाऊ पिकअप खाऱ्या पाण्याने मनसोक्त धुतो. पाणी वाळतं, मीठ राहतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि मिठाच्या ओलीत पितळेचा होल्डर, लोखंडाचा स्क्रू आणि तांब्याची वायर एकमेकांना लागून बसले की तिथे एक बारकी बॅटरीच तयार होते. ती लोखंड खाते. होल्डरात हिरवट-पांढरी बुरशी दिसते ती बुरशी नव्हे, तांब्या-जस्ताचे क्षार आहेत.

भावाच्या गाडीला आणखी एक गोष्ट नडली होती. दसऱ्याआधी त्याने मागचा फाळका वेल्डिंग करून घेतला आणि सगळा मागचा भाग रंगवून घेतला. रंगाऱ्याने काळ्या वायरचा स्क्रू काढला, लोखंडावर दोन हात मारले, वाळल्यावर स्क्रू परत लावला. काम सुबक. पण रंग वीज नेत नाही. स्क्रूच्या आट्यांमधून कसाबसा टिकलेला संबंध मग खाऱ्या पाण्याने संपवला. मिस्त्रीने स्क्रू सोडला, पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा लोखंड चकाकेपर्यंत घासली, वायरचं कडं घासलं, होल्डर आतून घासला, नवा स्क्रू आवळला आणि वर बोटभर ग्रीस थापलं. "हे पाणी नाही लागू देत." दहा मिनिटांचं काम.

मग अमरावतीत नवा बल्ब बसवल्यावर सगळं ठीक झालेलं का वाटलं? एक तर भावाने दिवा तपासला तो गाडी उभी असताना, पाय ब्रेकवर न ठेवता. आणि या आधीच्या तीन वेळांचं कोडंही तिथेच सुटतं. बल्ब दाबून फिरवताना पितळ पितळेवर घासतं, होल्डर हलतो, स्क्रूखालचा गंज क्षणभर खरवडला जातो. आठ-पंधरा दिवस संबंध टिकतो. श्रेय नव्या बल्बला. अंगारा लावल्यावर उतरणाऱ्या तापासारखा हा प्रकार. ताप उतरायचाच असतो, नाव अंगाऱ्याचं होतं. नवा बल्ब न आणता जुनाच काढून परत बसवला असता तरी तो पेटला असता, पण हे कोण करून पाहतो?

म्हणून बल्ब बदलायला बसलात तर क्रम असा ठेवा. दिव्याचं बटण बंद करून बल्ब निवू द्या. लागून गेलेला एकवीस वॅटचा बल्ब बोटाची साल काढतो. काही गाड्यांत काचेचे स्क्रू बाहेरूनच असतात, काहींत मागून होल्डर फिरवून काढावा लागतो. बल्ब आत दाबा, डावीकडे फिरवा, ओढा. काढल्यावर तो उजेडासमोर धरा आणि दोन्ही तारा पाहा. तुटली नसेल तर नवा आणायला धावू नका. होल्डरातले दोन ठिपके स्प्रिंगवर वरखाली होतात का, ते बोटाने दाबून पाहा. काच परत लावताना रबरी पट्टी जागेवर बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात दिव्याचं मत्स्यालय होतं. काचेला बोटं लागू देऊ नका, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो पुढच्या हॅलोजनचा आहे, मागच्या बल्बला त्याने काही होत नाही. दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर मात्र बल्ब आणि अर्थ नंतर, आधी फ्यूज. दोन्ही ब्रेक लाइट बंद असतील तर पायाखालचं ब्रेकचं स्विच. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजून आहेत, त्यांना एवढंच विचारावं, की मागे कापूस भरलाय ना?

तपासायला सोबत कोणी नसेल तर पिकअपची पाठ पांढऱ्या भिंतीकडे, नाहीतर एखाद्या दाल मिलच्या शटरकडे करायची. ब्रेक दाबला की आरशातून शटरवर दोन लाल डाग दिसतात. डावा आणि उजवा सारखे हवेत. अकोल्यात शटरांना तोटा नाही.

हल्ली लोक एलईडी बसवतात. चांगला बसवला तर फायदा आहे. तापून उजळायला तारेला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, एलईडी लागलीच पेटतो. ताशी ऐंशीच्या वेगात सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे साडेचार मीटरला जरासं कमी. धक्क्याने तुटायला त्यात तारही नाही. पण दुकानात बहुतेक वेळा पांढरा एलईडी गळ्यात मारतात. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंग कमी असतो. लाल काच बाकीचा उजेड गिळून टाकते आणि बाहेर येतो तो फिका, गुलाबट. लाल काचेमागे लालच एलईडी हवा. अर्थ गंजलेला असेल तर तो एलईडीलाही लागतोच, हे सांगायला नको.

पूर्वी या सगळ्याची एवढी फिकीर नव्हती. रात्रीच्या बंडीखाली कंदील टांगला की मागच्याला पुरे होतं, कारण मागून येणारीही बंडीच असायची. अमरावती-अकोला रस्त्याचंही परवापरवापर्यंत तेच होतं. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. कित्येक वर्षं तो खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता आणि माणूस तीस-चाळीसच्या वर जाऊच शकत नसे. मग जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरचा, दहा दिवसांचा. रस्ता झाला तशा गाड्या पळू लागल्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १०५ वा नियम सांगतो की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी तीसने येणाऱ्याला १५५ मीटर कापायला साडेअठरा सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस बिडी विझवून ब्रेक दाबेल. ताशी ऐंशीने येणाऱ्याला सात सेकंद मिळतात. त्यातला दीड सेकंद म्हणजे तेहतीस मीटर, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सरतात. आणि दिवा दीडशेऐवजी साठ मीटरवरून दिसला, किंवा कापसाचं बोंदर फाळक्यावरून लोंबून त्याच्यावर आलं, किंवा वर काळ्या मातीचा फुफाटा बसला, तर उरलेला हिशेब करायलाही वेळ मिळत नाही. नव्या रस्त्यावर अजूनही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या चालतात, तुरीच्या काड्या भरलेल्या बंड्या चालतात. त्यांच्या मागे निदान लाल रिफ्लेक्टर पट्टी तरी चिकटवावी. तिला ना बल्ब लागतो ना अर्थ. मात्र समोरच्याचा उजेड पडेल तेव्हाच ती बोलते, आणि धुळीने माखली की तीही गप्प.

मिस्त्रीने पैसे थोडेच घेतले. भाऊ गाडीत चढणार तेवढ्यात मला खणातली पिशवी आठवली. ती आणून मिस्त्रीपुढे ठेवली. त्याने चारही बल्ब टपरीच्या फळीवर ओळीने मांडले. चौथा, अमरावतीत काढलेला, त्यात आला होता. जुन्या बॅटरीची दोन टोकं घेतली आणि एकेकाच्या बुडाला लावत गेला. पहिला, दोन्ही तारा पेटल्या. दुसरा, दोन्ही. अमरावतीतला, दोन्ही. भाऊ काहीच बोलेना. उरलेल्या बल्बची पाचची तार पेटली नाही. मिस्त्रीने तो कानाशी नेऊन हलवला आणि माझ्याही कानाशी धरला. किणकिण.

"हा गेला," तो म्हणाला. "पण याची ब्रेकची तार चांगली हाये. फेकू नका, नमुना दाखवाले कामी येईन."